आधी मान खाजवा

"अख्ख्या बाजारच्या बैलांचे दात पायता, अन् घरच्या पोरीचं तोंड उघडता येत नाई तुमाले!" बायनाबाई चुलीपासून कडाडली.

खोटं नव्हतं. गोंडपिपरीच्या बैलबाजारात तिच्या नवऱ्यावाचून, रामाजीवाचून, सौदा ठरत नसे. जबडा उघडला की त्यानं बैलाचं वय सांगितलंच. पण पाच वर्षांच्या लेकीची, सुकरीची, दाढ किडली आणि दिव्याखाली अंधार दिसला. उकडलेली मोहफुलं गालात धरून झोपायची सवय यानंच लावलेली, लाडानं! आता पोरगी पेजेवर आली होती. नर्सबाई तोंडात बघायला गेली, तर पोरगी तिच्या बोटालाच चावली.

"दुधाची दाढ हाये, पडन आपोआप," रामाजी म्हणाला.

"पडेपर्यंत लेकरू रडत ठेवता का? आज दाताची डाक्टरीण येऊन राह्यली. मंग पावसाळाभर कोनी येत नाई."

रामाजी सुकरीला गोठ्यात घेऊन गेला. त्यानं बैलाची मान खाजवली, बैल सुखावला, जबडा अलगद उघडला.

"पाह्यलं? आता तू आ कर."

"त्याची मान खाजवली. माही काऊन नाई खाजवली?"

रामाजीनं खाजवली. पोरगी खिदळली आणि किडकी दाढ एकदाची दिसली. बापानं तिला तशीच खांद्यावर घेतली.

दवाखान्यात मात्र चकचकीत चिमटा पाहून सुकरीनं ओठ घट्ट मिटले. डॉक्टरीणबाईंनी गोड बोलून पाहिलं, फुगा दाखवला. उपयोग शून्य.

रामाजी खाली मान घालून पुटपुटला, "बाई, आधी मान खाजवा लागते."

रांगेतले लोक फिदीफिदी हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पोरीची मान खाजवली. सुकरीनं आ केला. बाईंनी कीड कोरून काढली, दाढ भरली.

"वाचली दाढ. पण रात्री तोंड धुऊन झोपायचं. मोहफुलं दिवसा." मग त्यांची नजर रामाजीच्या फुगलेल्या गालाकडे गेली. "तोंडात काय आहे? तंबाखूचा खर्रा? थुंकून या आणि बसा खुर्चीवर."

"मी? मी तं म्हातारा बैल, बाई." खर्रा थुंकून तो बसला खरा, पण त्यानं ओठ असे मिटले की लेक कोणाची ते वेगळं सांगायला नको.

सुकरी त्याच्या मांडीवर चढली. इवल्या बोटांनी तिनं त्याची मान खाजवली. "आ कर, बाबा. दुखत नाई."

उघडलं त्यानं तोंड. आत काय होतं ते सांगत नाही. पण तसल्या दातांचा बैल रामाजीनं फुकटसुद्धा घेतला नसता.