मालक कोन?

बाबांना 'ब्रेक' समजावून सांगता सांगता माझं डोकं फिरायची वेळ आली. कोन गावातल्या ज्या गोडाऊनमध्ये मी पॅकिंग करते, तिथे वर्ष पुरं व्हायच्या आत प्रत्येकाला आळीपाळीने महिनाभर घरी बसवतात, म्हणजे कोणी परमनंट व्हायला नको. मग फोन येतो, नवं कार्ड मिळतं आणि आपण परत पहिल्या दिवसाचे कामगार. आमचे सुपरवायझर शैलेश सर म्हणाले होते, "गप घरी बस, संजना. मी फोन करतो." एवढंच तर करायचं होतं, गप बसायचं!

पण आमचे तुळशीराम पाटील गप बसतील? बाबा पनवेलजवळच्या रंगाच्या कंपनीत परमनंट होते, वर युनियनचे पुढारी. कंपनी बंद पडली, तिथे टॉवर उभे राहिले, तरी बाबांच्या अंगातली गेटसभा काही जात नाही.

"ब्रेक कसला? काढलंय तुला," बाबा म्हणाले. "आमी मालकाची गाडी अडवली तवा कॅन्टीन मिळालं. उद्या मी येतो गेटवर."

"बाबा, हात जोडते, नका येऊ! कोणी बोंबललं की नाव कापतात. आईच्या गोळ्या माझ्या पगारावर चालतात, कळतंय का?"

ऐकतील ते कसले! सकाळी मी आंघोळीला गेले आणि हे रिक्षा करून पसार. ओल्या केसांनी मी मागे धावले. पोचले तर बाबा गेटसमोर, न्हावा शेव्याहून आलेला कंटेनर अडवून उभे. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय.

"मालक कोन?" बाबा वॉचमनवर खेकसले.

"हो काका, हेच कोन. बरोबर आलात."

"अरे गावाचं नाव नाय इचारत! मालक कोन, मालक?"

वॉचमन डोकं खाजवायला लागला. "मी एजन्सीचा आहे, काका. जागा भाड्याची, माल दुसऱ्याचा, गाड्या तिसऱ्याच्या, आणि पोरी कंत्राटदाराच्या."

बाबांनी मूठ वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि थांबले. मुर्दाबादच्या आधी नाव लागतं ना!

"संजे, नाव सांग, नाव," ते पुटपुटले.

मला काय कप्पाळ माहीत? माझ्या कार्डावर दर वेळी वेगळ्याच कंपनीचं नाव असतं. बाबांची मूठ तशीच हवेत. आतल्या पोरी खिडकीतून हसायला लागल्या. लाजेनं मेल्यासारखं झालं, राग तर इतका आला, आणि खरं सांगते, बाबांची दयाही आली.

तेवढ्यात शैलेश सर बाहेर आले. मी धावतच गेले. "सर, बाबा असेच आहेत हो! माझं नाव कापू नका, पाया पडते."

"कापणारा मी कोण?" सर म्हणाले. गळ्यातलं कार्ड काढून त्यांनी वॉचमनच्या हातात ठेवलं. "मलाही आजपासून ब्रेक दिलाय."

बाबांची मूठ आपोआप खाली आली.

"मग मला फोन कोण करणार?" मी किंचाळलेच.

"मला कोण करणार, तेच आत विचारून आलो," सर म्हणाले. "कुणालाच माहीत नाही."