नारळ चुकवण्याचा बेत

आमच्या कोडगूत, म्हणजे कूर्गात, फौजेतून परतलेला माणूस ही काही नवलाई नाही. घरटी एक तरी असतोच, आणि त्याच्या गोष्टींवरून गाव त्याचा भाव ठरवतं. सुभेदार बिद्दप्पाने सगळी नोकरी पलटणीचा शिधा वाटण्यात काढली. पण त्याच्या गोष्टींत इतके शत्रू पडतात की पलीकडे शिल्लक कोण राहिलं, असा प्रश्न पडावा. उलट माझा थोरला चुलतभाऊ, कर्नल उत्तय्या. अख्खी नोकरी कमांडो तुकड्यांत. विमानातून उड्या, सरहद्दीवरचे डोंगर, कुठे आहे ते बायकोलाही ठाऊक नाही. तो निवृत्त होऊन आला तेव्हा गाव कान टवकारून बसलं. त्याने सांगितलं काय, तर बराचसा वेळ चालण्यात गेला आणि उरलेला वाट बघण्यात.

गावाला हा व्यवहार तोट्याचा वाटला. मी कॉफीचा व्यापारी, माल मुठीत घेऊन बघितल्याशिवाय बोलत नाही. उत्तय्याण्णाला नीट बघितलं तर उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं, पायऱ्या उतरताना तो भिंत धरायचा, आणि बसल्या जागी डोळे मिटले तरी त्याला झोप लागत नव्हती. बी काढून घ्यावं आणि साल घरी पाठवून द्यावी, तसं सरकारने त्याला परत पाठवलेलं होतं.

त्याला आता एकच हवं होतं. बंदूक पुन्हा हातात घ्यायची नाही. मला त्याने हे एकदा सांगितलं, कारण विचारल्यावर म्हणाला, "ती हातात आली की मी इथे नसतो, बाबा."

आमच्याकडे हे बोलणं म्हणजे लग्नाच्या जेवणात डुकराचं मटण नको म्हणण्यासारखं. मूल जन्मलं की बार, माणूस गेला की बार. लावणी आटोपली की कैलपोदचा सण येतो, घरातल्या बंदुका फुलं वाहून पुजायच्या आणि मग माळावर जाऊन उंच झाडाला बांधलेला नारळ उडवायचा. पहिली गोळी आमच्या घराण्याच्या थोरल्याची. थोरले काका उन्हाळ्यात गेले, आणि मान उत्तय्याण्णाकडे आला.

तो नको म्हणाला. गावाने त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला, मोठा माणूस आहे, आग्रह करून घ्यायचा आहे. म्हणून तिघे जण विडा घेऊन आले. त्याने गुडघ्यांचं कारण पुढे केलं, तेव्हा गोळी गुडघ्याने मारत नाहीत असं त्याला समजावण्यात आलं. दुसऱ्या खेपेला सगळे वडीलधारे आले. नकाराने त्याचा भाव पडायच्या ऐवजी चढतच होता. शेवटी बिद्दप्पा म्हणाला, "कर्नलसाहेब, तिकडे पंख्याखाली कागद चाळत बसला असाल तर तसं सांगा. मी कुणाला सांगणार नाही. फक्त गावाला सांगेन."

"तसंच समजा, मामा," उत्तय्याण्णा म्हणाला. कुणाचाही विश्वास बसला नाही. केवढा हा विनय, म्हणत ते कॉफी पिऊन गेले.

त्याच संध्याकाळी त्याने मला बेत सांगितला. बंदूक एकदा घ्यायची आणि नारळ मुद्दाम चुकवायचा. गाव हसेल, बिद्दप्पा वर्षभर पुरवून पुरवून चघळेल, पण पुन्हा कुणी बोलावणार नाही. मला हिशोब पटला. मान द्यायचा आणि सुटका घ्यायची. इतका स्वस्त सौदा मी आयुष्यात केलेला नाही.

कैलपोदच्या दिवशी काळा कुप्या, म्हणजे आमचा गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, घालून आणि कमरेला लाल पट्टा बांधून तो माळावर आला. त्याची बायको, चोंडम्मा वहिनी, बायकांमध्ये उभी होती. त्याने बंदूक घेतली तेव्हा मी त्याच्याकडे बघत होतो, कारण चुकवताना माणूस कसा दिसतो ते मला बघायचं होतं. पण वाकलेली पाठ सरळ झाली. धाप थांबली. गुडघे, कान, सगळं कुठल्या कुठे गेलं. बार झाला आणि नारळाचं पाणी खालच्या माणसांवर उडालं.

सगळा माळ वर बघत होता. तो एकटा हातातल्या बंदुकीकडे बघत होता.

मग त्याने दुसरा नारळ बांधायला सांगितला. गावाला आनंद झाला, कर्नलला चव लागली म्हणून. मला कळलं, की हा चुकण्याची आणखी एक संधी मागतोय. या वेळी त्याने बराच वेळ घेतला. नळी डावीकडे सरकलेली मी स्वतः पाहिली, आणि परत जागेवर आलेलीही पाहिली. दुसरा नारळही फुटला.

जेवताना तो माझ्या शेजारी बसला. पानातल्या कडंबुट्टूला, तांदळाच्या गोळ्यांना, त्याने हात लावला नव्हता. लोक येऊन खांदा थोपटत होते. मी हळूच विचारलं, काय झालं रे अण्णा.

"बाजूला धरली होती मी," तो म्हणाला. "शेवटच्या क्षणाला हात ऐकत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं."

तेवढ्यात बिद्दप्पा आला. त्याच्या चेहऱ्यावर हार होती, पण ती त्याने मोठ्या मनाने गिळलेली दिसत होती. पलीकडच्या गावाचे लोक पुढच्या आठवड्याच्या सामन्याचं बोलावणं घेऊन आले होते. शिवाय आपल्या पोरांना दर शनिवारी कर्नलने नेम शिकवायचा, हेही पंचांनी आत्ताच ठरवलं होतं. दोन्हींचं उत्तर लगेच हवं होतं.

मला वाटलं, आता तरी हा उठून ठणकावून नाही म्हणेल. मी त्याच्या बाजूने बोलायलाही तयार होतो. पण नाही म्हणायलासुद्धा अंगात काही शिल्लक असावं लागतं. त्याने बायकांच्या घोळक्यात चोंडम्मा वहिनीला शोधलं. तिने ऐकलं होतं. ती त्याच्याकडे बघत मान हलवत होती, नको म्हणून.

"किती वाजता?" उत्तय्याण्णाने बिद्दप्पाला विचारलं.