आधी देव, मग साकव

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे, बॅटरी दुपारीच मान टाकते, आणि मला राग आलेला आहे. तो सांगितल्याशिवाय मी बंद पडणार नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा इतका चकचकीत होतो, की मुंबईत विनीतने मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. नवा फोन येताच खणात टाकलं आणि शिमग्याला गावी आल्यावर वडिलांना देऊन टाकलं. गरज सरो, वैद्य मरो!

हे गाव रत्नागिरीपासून आत, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडच्या काठावर. वडील महिपत गावचे मानकरी. त्यांनी मला उपरण्याच्या टोकाने पुसलं, तेव्हा बरं वाटलं. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते देवाला हाका मारून गावाचं दुःख सांगतात आणि जमलेले सगळे 'व्हय महाराजा' म्हणतात. एकदा व्हय म्हटलं की त्या कामाला हात लावावाच लागतो, अशी तिथली रीत.

यंदा आषाढात पऱ्यावरचा साकव, म्हणजे पायी जायचा लहान पूल, मोडला. महिपतांची बायको चिमा. तिच्या पायाला साखरेच्या आजाराने चिघळलेली जखम. दिवसाआड पलीकडच्या दवाखान्यात पट्टी बदलायची, तर डोली करून पाण्यातून न्यावं लागे. पाणी चढलं की खाडा. डॉक्टरांनी बजावलं होतं, असे खाडे झाले तर पाय जाईल.

कचेरीत खेटे घालून महिपतांच्या चपला झिजल्या. तेव्हा शेजारची सून शमिका म्हणाली, "आबा, साहेब लोक आता फोनवर लिहिलेलंच वाचतात." तिने माझ्यात सगळ्या जगाला दिसणाऱ्या छोट्या संदेशांचं ॲप घालून दिलं.

महिपत लिहायला बसले. बारा वाड्यांचा देव, सीमेवरचा राखणदार, वाडवडील... साकवापाशी येईतो ॲपने नेमून दिलेली अक्षरं संपली. पुढचं सगळं लाल झालं आणि पाठवायचं बटण दबेना.

"आबा, देवांची नावं कमी करा."

"देवाला कापू कसा गो बाय? आधी देव, मंग साकव!"

आणि त्यांनी साकवच कापला! मोडक्या खांबांचा फोटो तेवढा जोडला.

दुसऱ्या दिवशी मी थरथरून बेजार झालो. खाली शेकडो 'व्हय महाराजा', आणि हसून लोळणारी तोंडं. फोटोत काय मोडलंय, हे एकानेही विचारलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. महिपतांच्या डोळ्यांत मात्र पाणी.

"चिमा, बघ गो, येवढी मानसा व्हय म्हनतायत. आता साकव झालाच म्हन."

ते वाट बघत राहिले. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. शेवटी शमिकानेच मन घट्ट करून सांगितलं, "आबा, ती तुमची थट्टा करतायत."

महिपत गरजले, "गाऱ्हान्याला व्हय म्हनून हसतात? लाज नाय वाटत?"

"हसू देत वो," चिमा आतून म्हणाली. "पर पट्टी कधी बदलायची?"

थट्टा गाजली म्हणून एक साहेब आले. पलीकडच्या काठावर गाडीतून उतरले, पऱ्याकडे पाठ करून फोटो काढून घेतला आणि गेले. बुटांना चिखलही लागला नाही. संध्याकाळी तो फोटो माझ्या काचेवर आला: 'आज साकवाची पाहणी केली.' खाली टाळ्या आणि फुलांचे गुच्छ. शिसारी आली मला!

महिपतांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. शमिकाला हाक मारली नाही, देवालाही नाही. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'साहेब, तुमच्या मागे पाण्यात डोली दिसते. तिच्यात माझी बायको आहे.'

मित्रांनो, मला पुसा नाहीतर पुसू नका, जुना झालो की खुशाल खणात टाका. पण माझ्यावर बोट ठेवून कुणाला हसण्याआधी त्याचा फोटो नीट बघत जा. काल चिमाच्या पायाची दोन बोटं कापली. उद्या तिला पट्टीला न्यायचं आहे, आणि पऱ्याला पाणी चढलं आहे.