भिंगरीचा घास

पिंजऱ्यापाशी केराबाईनं तीन दिवस तोंडातून शब्द काढला नव्हता. जिची बडबड मेंढरांनाही पाठ होती, त्या बाईला ही शिक्षा साधी नव्हती. पण ती तिनं स्वतःच ओढवून घेतली होती.

सोलापूरबाहेरच्या माळावरच्या त्या जखमी पक्ष्यांच्या केंद्रात नऊ घुबडं कायमची राहायची. कुणाचा पंख तुटलेला, कुणाचा डोळा गेलेला. केराबाई त्यांना खायला घालायची. दोन वर्षांपूर्वी दगडखाणीतून शिंगवाल्या घुबडाचं पिल्लू आलं, तेव्हा डॉक्टर ऋतुजानं बजावलं होतं, "मावशी, तोंड झाकून चिमट्यानं भरवा. एक शब्द बोलू नका. माणसाची सवय लागली तर ते रानात जगायचं नाही."

केराबाईनं मान डोलावली आणि करायचं तेच केलं. धनगराच्या घरात आईवेगळं कोकरू मांडीवर घेऊन, नावानं हाका मारून जगवतात. मुकं राहून कुणी जीव वाढवतं का? पिल्लू मान गरागरा फिरवायचं म्हणून तिनं त्याला भिंगरी म्हटलं.

भिंगरी दणकट झाली, तिला रानात सोडलं. आठव्या दिवशी तिन्हीसांजेला ती एका वस्तीवर उतरली आणि बायकांसमोर अंगणाच्या भिंतीवर घासाची वाट बघत बसली. दारात घुबड आलं म्हणून कुणीतरी काठी घातली. डावा पंख कापावा लागला. केंद्राच्या कागदांत कारण 'मारहाण' लिहिलं गेलं. खरं कारण केराबाईला ठाऊक होतं, आणि ते तिला सुखानं जेवू देत नव्हतं.

आता तीन दिवसांपूर्वी त्याच खाणीतून दुसरं पिल्लू आलं होतं. ते भिंगरीच्या पिंजऱ्यात ठेवलं. भिंगरीनं भरवलं तर ते घुबडासारखं वाढेल आणि एक दिवस उडून जाईल. नाहीतर सगळं माणसानंच भरवायचं, आणि सवय लागली की त्यालाही जन्माचं जाळीआड ठेवायचं. ऋतुजा तोंड झाकून दिवसातून एकदा चार तुकडे द्यायची, तेवढ्यावर ते तगून होतं. भिंगरी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. स्वतःही खात नव्हती, कारण केराबाईची "ये गं बाय" ही हाक ऐकल्याशिवाय घास घ्यायचा, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"मॅडम, एकडाव हाक मारू द्या की," केराबाई ऑफिसात येऊन म्हणाली. "माझ्या आवाजाबिगर ती खात न्हाय."

"पिल्लूही ऐकेल ना, मावशी. आज संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर पिल्लू काढून घेते."

"एक उपाशी मरतंय, दुसरं माणसाळतंय. दोन्ही माझ्याच पदरात. मी करू तरी काय?"



ऊन उतरल्यावर केराबाई तोंडाला पदर बांधून जाळीपाशी गेली. भिंगरी एका अंगाला झुकत ताटलीकडे आली आणि तिनं एक तुकडा उचलला. केराबाईचं काळीज सुपाएवढं झालं. पण भिंगरी ओरडणाऱ्या पिल्लाकडे न वळता सरळ जाळीशी आली आणि चोचीतला तुकडा तिनं केराबाईपुढे धरला.

केराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन दिवसांच्या उपाशी जिवानं पहिला घास तिला आणला होता, आणि तिला तो घेता येत नव्हता.

मग ती उठली. पिंजऱ्याला वळसा घालून पिल्लाच्या पाठीमागे, जाळीबाहेर जाऊन बसली. तुकडा घेऊन भिंगरी तिच्याकडेच निघाली. वाटेत पिल्लू होतं, तोंड वासून. त्यानं तो हिसकावला. भिंगरी थबकली, केराबाईकडे बघत राहिली, मग परत जाऊन दुसरा घेऊन आली. तोही पिल्लानं ओढला. असं करता करता ताटली रिकामी झाली.

भिंगरीनं स्वतः एकही तुकडा गिळला नव्हता. रिकाम्या चोचीनं ती जाळीपाशी आली आणि हाकेची वाट बघत उभी राहिली. पिल्लू अजून जागं होतं. केराबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.