पोत्याच्या सुतळीने शिवलेला अमेरिकेचा इतिहास

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे आणि माझे पहिलेच पान दोनशे एकावे आहे. हसू नका. ते तसे का, हेच तर मला सांगायचे आहे.

माझ्या पोटात अमेरिकेचा इतिहास आहे, तिथले यादवी युद्ध संपले तिथपासूनचा. मैदाने चिरत गेलेली रेल्वे, गव्हाची शेते, गिरण्यांतले संप, बोटींतून उतरलेली परमुलखाची माणसे, पुढे महायुद्धे आणि मंदी. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात यादोरावांनी मला नागपूरहून पिशवीत घालून आसगावला आणले. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांची बायको रुखमिणी मॅट्रिक झालेली. बी.ए.च्या आधीच्या परीक्षा दोघांनी घरीच अभ्यास करून दिल्या होत्या, आता शेवटच्या परीक्षेला बसायचे ठरवले होते.

पुस्तक एक आणि वाचणारे दोन. मी कोणाच्या हाती राहावे यावरून रोज खेचाखेच चाले. शेवटी यादोरावांनी ब्लेड घेतले आणि मला मधोमध कापले.

"तू रेल्वे वाच, मी मंदी वाचतो. दिवाळीले बदलून घेऊ," ते म्हणाले.

"अन् तुमी पानं दुमडून देसान त?"

"तुह्या तेलाच्या बोटायपेक्षा दुमडलेली बरी!"

दोनशे पाने रुखमिणीकडे राहिली, पुढची यादोरावांकडे गेली. रुखमिणीचा भाग एका वाक्याच्या मध्येच तुटला होता. दोनशेव्या पानाच्या तळाशी एवढेच होते: 'आणि त्या एप्रिल महिन्यात'. पुढचे शब्द यादोरावांच्या पहिल्या ओळीत होते.

ती दिवाळी दोघांनी मिळून पाहिली नाही. शेतात धानाची रोवणी अर्ध्यावर असताना यादोरावांना कावीळ झाली, आणि बांध्यांतले पाणी ओसरायच्या आत ते गेले. त्यांचे सदरे, चष्मा आणि माझा अर्धा भाग त्यांच्या आईने, मनकर्णाबाईंनी, लोखंडी पेटीत ठेवला. चावी कमरेला खोचली.

तेराव्यानंतर रुखमिणी उरलेल्या रोवणीला गेली. चिखलात खेकड्याने तिचे बोट धरले, तरी तिने हात ओढला नाही. शेजारच्या धुरपताने तो खेकडा सोडवला. घरी येऊन रुखमिणी हात धुई, मला उघडी, वाची. तेच पान, तीच रेल्वे. दोनशेव्या पानापाशी आली की पुन्हा पहिल्यापासून.

धुरपता म्हणाली, "अवं, एवढ्या दुःखात हे अमेरिका कायले वाचून राहिली तू?"

"त्या देशात माह्या ओळखीचं कोणी मेलं नाही," रुखमिणी म्हणाली आणि पान उलटले.

ती रडत नसे, हेही तुम्हाला सांगितले पाहिजे. तिची बोटे माझ्यावरून फिरत, पण फिरताना काही शोधत नसत. मी तिच्या मांडीवर असे आणि माझा दुसरा भाग भिंतीपलीकडे पेटीत. दोघींपैकी कोणीही पेटीचे नाव काढत नव्हते. सून मागत नव्हती, सासू देत नव्हती.

संक्रांत झाली आणि तुमसरहून रुखमिणीचा भाऊ टेकचंद आला. राइस मिलमध्ये कामाला होता. ओसरीत बसून म्हणाला, "बाई, चाल आता. शिमगा झाला का न्यायले येतो. परीक्षा-गिरीक्षा राहू दे."

"सानगडीच्या हायस्कुलात जागा हाये. बी.ए. झाली त घेतो म्हणाले," रुखमिणी म्हणाली. पण ती अशा आवाजात बोलली, जणू दुसऱ्याच कोणाचा निरोप सांगत होती.

"झाला का तुहा अभ्यास?"

"अर्धा झाला."

"मंग अर्ध्या पुस्तकानं कोण पास होते?" टेकचंद म्हणाला. ते मनकर्णाबाईंनी ऐकले. सून गेली तर या घरात एक म्हातारी आणि एक कुलूप, एवढेच उरणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुखमिणी तलावावर धुणे घेऊन गेली होती. मनकर्णाबाई अंगणात धानाची पोती शिवत होत्या. मधेच उठल्या, कमरेची चावी काढली, पेटी उघडली. माझा दुसरा भाग बाहेर आणला, उन्हात झटकला, पदराने पुसला. मग मला उचलले, दोन्ही भाग एकावर एक ठेवले, आणि ज्या दाभणाने पोती शिवत होत्या त्याच दाभणाने, त्याच सुतळीने मला शिवून टाकले. दाभण अंगातून आरपार गेला. मला काही वाटले नाही. त्या घरात तेव्हा कोणालाच काही वाटत नव्हते.

रुखमिणीने ओले धुणे खाली ठेवले आणि मला हातात घेतले. पहिले पान उघडताच ती थांबली.

"आत्या, उलटं शिवलं तुमी. आदी माहा भाग पाह्यजे."

"उलटं कसं?" मनकर्णाबाईंना अक्षर येत नव्हते, पण रीत पाठ होती. "आदी घरधन्याचं ताट वाढते, मंग बायकोचं. माह्या लेकाचं आदी, तुहं मांगं. मी काहून चुकली?"

 पाने चाळताना रुखमिणीला मंदीच्या प्रकरणाशेजारी यादोरावांनी पेन्सिलीने लिहिलेले दिसले: 'हे समजत नाही. रुखमीला विचारायचे.'

ती तिथेच ओल्या धुण्याशेजारी बसली. प्रकरण एकदा वाचले, पुन्हा वाचले. मग मोठ्याने, कोणाला तरी उत्तर द्यावे तशी सांगू लागली. बँका कशा बुडाल्या, कारखाने कसे थंडावले, गहू कोठारात असून माणसे कशी उपाशी राहिली.

"गहू होता?" मनकर्णाबाई मधेच म्हणाल्या. "मंग लोकायनं खाल्लं काय?"

"रांगेत उभे राहत, आत्या. हातात वाटी घेऊन. पेजेसारखं काहीतरी भेटे."

"अन् ज्याचं माणूस गेलं, ते बी रांगेत?"

"ते बी," रुखमिणी म्हणाली आणि पानावर वाकली. माझ्या दोनशे चौतिसाव्या पानावर एक गोल डाग आहे. तो पाण्याचा नाही.

एप्रिलमध्ये ती भंडाऱ्याला जाऊन परीक्षा देऊन आली. पास झाल्याचे कळले तेव्हा मनकर्णाबाईंनी पेटीवर मूठभर साखर ठेवली. रुखमिणी तांदूळ निवडतच राहिली. शिमग्यानंतर न्यायला आलेला टेकचंद त्याआधीच एकटा तुमसरला परतला होता.

सानगडीच्या वर्गात मी आठ वर्षे गेले. मुले माझी सुतळी पाहून हसत, मग ऐकू लागत. पुढे गाईड आले आणि मला कोणी मागेना. शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटात वाळवीने माझी तीन पाने खाल्ली. मनकर्णाबाईही गेल्या. मागच्या महिन्यात ग्रंथालय सांभाळणारे सेवकराम मला बाइंडरकडे पाठवायला निघाले होते. "बाई, हे उसवून सरळ करून आणतो."

"वाळवीचं औषध लावा," रुखमिणीबाई म्हणाल्या. "पण शिवण नोका उसवू, भाऊ."

म्हणून मित्रांनो, एकच मागणे आहे. आम्हांला उन्हात झटका, वाळवीपासून जपा, फाटलो तर हाती येईल त्या दोऱ्याने शिवा. पण कोणी आधीच शिवले असेल, तर ते वेडेवाकडे का आहे हे विचारल्याशिवाय उसवू नका. माझे शेवटचे पान अजूनही 'आणि त्या एप्रिल महिन्यात' एवढ्यावरच थांबते. पुढे वाचायचे तर मला मिटून पुन्हा सुरुवातीला यावे लागते. रुखमिणीबाई तसेच करतात. तिथे पहिल्या ओळीत त्यांचे उरलेले वाक्य यादोरावांनी धरून ठेवले आहे.