कलईगराच्या घरातली देगची

मी तांब्याची एक जुनी देगची आहे, मित्रांनो, आणि मला आता कुणाचं कौतुक नको आहे. कौतुक मी पोटभर खाल्लं आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना डोळ्यांत पाणी आणतात, गेलेले दिवस आठवून सुस्कारे टाकतात. मला ते जमत नाही. मला राग येतो. तो का येतो हे कळायला थोडं आधीपासून ऐकावं लागेल.

जाड पत्र्यावर तांबटाची हातोडी पडत राहिली आणि त्यातून मी घडले. त्या ठोक्यांच्या खुणा अजून माझ्या अंगभर आहेत. लोक त्यांना नक्षी म्हणतात. मार खाल्लेल्या जागांना नक्षी म्हणण्याची माणसांची ही पद्धत मला तेव्हाच कळली होती.

मला घरी आणलं सकलैनमियाँनी. नंदुरबारात त्यांचं कलईचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, गल्लीच्या तोंडाशी जमिनीत खणलेली भट्टी, शेजारी चामड्याचा भाता आणि बसायला गोणपाट. पण गावातल्या सगळ्या तांब्यापितळेला त्या गोणपाटापुढे यावंच लागे. तुम्ही स्टीलच्या ताटात जेवणारी मुलं, तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. तांब्याला आंबट सोसत नाही. ताक, चिंच, टोमॅटो, काहीही आंबट उघड्या तांब्याला लागलं की ते कळकतं. त्याला हिरवट, कडू चव येते आणि खाणाऱ्याच्या पोटात ढवळून निघतं. म्हणून भांड्याला आतून कथलाचा थर द्यायचा, तीच कलई. भांडं तापवायचं, नवसागर भुरभुरायचा, कथील लावायचं आणि कापसाच्या बोळ्यानं झटक्यात फिरवायचं. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि तो विरला की आतून भांडं चांदीचं झालेलं असायचं. माझी पहिली कलई सकलैनमियाँनी स्वतः केली. थर दर वर्षी झिजायचा आणि दर वर्षी रमजानच्या आधी ते तो पुन्हा चढवायचे.

त्यांच्या घरात एक रीत होती. तांब्याचं भांडं चुलीवर जाण्याआधी बाई कलईगराला विचारायची, "चढाऊ?" तो म्हणायचा, "चढाव." मगच भांडं चुलीवर जायचं. बाईनं आत डोकावून तपासायचं नाही. तपासणं हा कलईगराचा अपमान. त्याचा शब्द मिळाला म्हणजे कलई ठीक आहे, विषय संपला. सकलैनमियाँ गेले, त्यांचा मुलगा नासिर भट्टीवर बसला. नासिरची बायको शहाबानो, तीही तसंच विचारायची.

ते माझे कामाचे दिवस होते. कोरीटहून नवल पाटील बैलगाडीभर भांडी घेऊन कलईला यायचे आणि येताना घरचा एखादा म्हातारा कोंबडा आणायचे. कोंबडा असा की त्याचं मांस दाताला दाद देत नसे. शहाबानो तो सकाळीच माझ्यात घालायची, झाकणाच्या कडेला कणीक लावून तोंड बंद करायची आणि मंद आचेवर ठेवून द्यायची. दुपारी झाकण उघडलं की मांस हाडावरून आपोआप गळून यायचं. पाटील बोटं चाटून म्हणायचे, "भाभी, आसं तर मन्हा घरमा बी व्हत नई." शहाबानो लाजायची. खरं काम माझ्या जाड तळानं केलेलं असायचं, पण ते जाऊ द्या.

मग स्टील आलं, ॲल्युमिनियम आलं, कुकर आला. भट्टीपुढची रांग आटली. लोक नासिरला रस्त्यात भेटले की भांड्यांची चौकशी करायचे आणि घरी जाऊन ती मोडीत घालायचे. एके वर्षी रमजानच्या आधी नासिरनं भट्टी पेटवलीच नाही. भाता गुंडाळून पोटमाळ्यावर टाकला आणि माझ्याकडे न बघता मलाही त्याच्या शेजारी ढकललं. तो मिरचीच्या पथारीवर मजुरीला जायला लागला. दिवसभर उन्हात लाल मिरच्या उलथायच्या आणि संध्याकाळी चुरचुरणारे डोळे घेऊन परत यायचं. घरात कुणी कलईचा शब्द काढला की तो ताटावरून उठून जायचा. त्याचं दुःख मला समजत होतं. पण माझा थर झिजलेला होता आणि तो पुन्हा चढवायला त्याला एक दुपार पुरली असती. त्याची भट्टी गेली तशी त्यानं माझी कलईही जाऊ दिली.

आता आफशीनकडे येते. आफशीन नासिरची मुलगी. या घरात स्वयंपाकाची खरी भूक असलेलं ते एकच माणूस. गावाबाहेर एका कंपनीचं विश्रामगृह झालं आहे, तिथल्या स्वयंपाकघरात ती हाताखाली काम करायची. कांदे चिरायची, पोळ्या लाटायची आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर देशोदेशीचे पदार्थ बघत बसायची. तिथला आचारी काम सोडून गेला. व्यवस्थापक रंजिता मॅडम तिला म्हणाल्या, "बुधवारी बाहेरून काही साहेब येणार आहेत. त्यांना आपलं तिखट चालत नाही. त्या संध्याकाळचं जेवण तू एकटीनं कर. जमलं तर हे स्वयंपाकघर तुझं. नाही जमलं तर मला सुरतेहून माणूस आणावा लागेल."

आफशीन घरी आली ती उडतच. नासिरनं मात्र तोंड आंबट केलं. मुलीनं रोज रिक्षानं दूर जावं हे त्याला तसंही पटत नव्हतं. तो म्हणाला, "सैपाकघर तुन्हा हातमा उनं तर जाय रोज. मी काही बोलाव नई. पन नई उनं तर घर बस. दुसरास्ना कांदा चिराले आते जावानं नई."

"कबूल," आफशीन म्हणाली. मित्रांनो, इतक्या पटकन कबूल म्हणू नये.

तिनं पदार्थ निवडला तो फ्रान्समधला कोंबडीचा रस्सा. मोबाइलवरची बाई सांगत होती आणि मी पोटमाळ्यावरून ऐकत होते. मूळचा पदार्थ म्हणे असा, की म्हातारा, चिवट कोंबडा घ्यायचा, त्यात लाल दारू, छोटे कांदे, गाजर, अळिंबी घालायची आणि जाड बुडाच्या भांड्यात झाकून दिवसभर मंद शिजवायचा. ऐकून मी हसलेच. एवढ्या लांबच्या देशातल्या शहाण्यांनी शोधून काढलेलं हे काम मी कोरीटच्या कोंबड्यांवर वर्षानुवर्षं करत आले होते! पण ती बाई पुढे म्हणाली, कामाच्या दिवशी एवढा वेळ कुणाला आहे, म्हणून आज आपण झटपट करू. कोवळी कोंबडी घ्या, तुकडे लोण्यात परता, वर थोडा मैदा भुरभुरवा, पाऊण तासात जेवायला बसा.

दारूला आफशीन शिवणार नव्हती. तिनं डोकं चालवलं. काळ्या द्राक्षांचा रस काढला आणि आंबटपणासाठी त्यात सिरका घातला. परदेशी पाल्याच्या जागी अंगणातल्या ओव्याची पानं घेतली. फक्त भांड्याचं अडलं. विश्रामगृहातली पातेली पातळ बुडाची, परतताना मैदा करपायचा. मग तिला माझी आठवण झाली.

तिनं मला खाली उतरवलं, राखेनं आतूनबाहेरून घासलं. आत लालसर दिसत होतं. दुसऱ्या कुठल्याही घरातली मुलगी तिथेच थबकली असती. पण ही कलईगराची मुलगी. जन्मल्यापासून तिनं भांडं कधी तपासलंच नव्हतं, विचारलं होतं. नासिर पथारीवरून येऊन डोळ्यांवर ओलं फडकं टाकून पडला होता. ती दारातून म्हणाली, "अब्बा, देगची लई जाऊ? चढाऊ?"

फडकं न काढता तो म्हणाला, "चढाव."

बस, एवढंच. मी तिच्या कडेवर बसून निघाले. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी मला पुन्हा विस्तव मिळणार होता.

आफशीननं काय सुरेख काम केलं म्हणून सांगू! तुकड्यांना नेमका बदामी रंग आणला. कांदे सबंध राहिले, तरी आतून मऊ झाले. द्राक्षांचा रस आटत आटत दाट झाला आणि त्याचा वास स्वयंपाकघराबाहेर गेला. रंजिता मॅडम वासानं आत आल्या, त्यांनी चमचाभर चाखून बघितलं. "अगं, हे तू केलंस?" त्या म्हणाल्या. आफशीनचा चेहरा तुम्ही तेव्हा बघायला हवा होता. पाऊण तासाच्या आत सगळं तयार होतं.

साहेब मात्र तयार नव्हते. त्यांची मोटार वाटेत कुठेतरी अडकली. झटपट केलेला रस्सा वाट बघत बसला. कुठे बसला? माझ्यात. सिरक्याचा आंबट रस्सा, कोमट, आणि त्याच्या चहूबाजूंनी माझं उघडं तांबं. आफशीन झाकण घालून निर्धास्त होती, कारण अब्बांनी "चढाव" म्हटलं होतं. माझी कड तिच्या हाताशी होती. मला तोंड आहे पण जीभ नाही, मित्रांनो. मी ओरडू शकले नाही.

शेवटी साहेब आले, हात धुऊन जेवायला बसले. पहिल्या घासाला त्यांनी एकमेकांकडे बघितलं. भुकेपोटी दोन-चार घास गेले, मग एकजण उठून बाहेर धावला, त्याच्यामागे दुसरा. डॉक्टरांना बोलवावं लागलं. जिवावरचं नव्हतं, सकाळी ते चहा पिऊन गेलेसुद्धा. पण रंजिता मॅडमनी आफशीनला बाजूला घेतलं. त्या काही वाईट बाई नव्हत्या. "तुझी मेहनत मी बघितली आहे," त्या म्हणाल्या, "पण लोकांच्या पोटाशी खेळ नाही करता येणार मला."

आफशीननं मला धुतलं, आणि रिक्षात मांडीवर घेऊन ती निघाली. घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. मग तिनं विचारलं, "मन्हं काय चुकनं, अब्बा? चाखं तवय तर चांगलं व्हतं."

नासिर मला उचलून दिव्याखाली घेऊन गेला. आत बघितलं. तळाशी कडेला हिरवट रेघ उरली होती. त्यानं तिच्यावर अंगठा फिरवला. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य कथील फिरवण्यात गेलं, त्याला एका नजरेत सगळं कळलं. मला वाटलं, आता हा बोलेल. पोरीच्या डोक्यावर हात ठेवेल आणि बोलेल.

तो म्हणाला, "तुन्हा हातले चव नई, पोरी."

एवढं बोलून त्यानं मला खाली ठेवलं आणि तो बाहेर गेला.

आफशीननं ते खरं मानलं. भांड्याच्या बाबतीत मानलं, तसंच हाताच्या बाबतीतही मानलं. या घरात त्या माणसाचा शब्द तपासायची रीतच नाही. कबूल केल्याप्रमाणे ती घरी बसली. आता ती पोळ्या करते, डाळ करते, मीठ घालताना दर वेळी आईला विचारते, बरोबर आहे ना? मोबाइलवर पदार्थ बघायचं तिनं सोडून दिलं आहे.

पुढे एका शुक्रवारी ती मावशीकडे गेलेली असताना नासिरनं गुपचूप भाता खाली काढला, अंगणात चार विटा लावून भट्टी पेटवली आणि माझी कलई केली. शहाबानो दारात उभी राहून बघत होती. तिला एव्हाना सगळं उमगलं होतं.

"तिले खरं सांगा ना," ती म्हणाली. "पोर रोज सोताले दोस दी ऱ्हायनी."

नासिर भाता ओढत राहिला. "काय सांगू? कलईगरना घरमा बिनकलईनी देगची व्हती, आसं सांगू? मन्हा बापनं नाव काय ऱ्हाई मंग?"

"आनि पोरीनं काय ऱ्हाई?"

त्यानं माझ्यात नवसागर भुरभुरला, धूर उठला आणि त्या आडोशानं त्यानं डोळे पुसले. त्याच्या हातची इतकी सुबक कलई मी आजवर पाहिली नव्हती. आणि ती मला खरवडून टाकावीशी वाटते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूनं हात जोडून काहीतरी मागायचं असतं. मला जपा, मला टाकू नका, असं मी म्हणणार नाही. घरात तांब्यापितळेचं भांडं असेल तर मोठ्यांना त्याची कलई वेळेवर करायला सांगा, हे सांगणं माझं काम आहे, ते सांगून झालं. माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्यापैकी कुणी कधी नंदुरबारला आलंत आणि कलईगराच्या आफशीनचं घर सापडलं, तर आत जा. ती तुम्हाला चहा देईल आणि साखर बरोबर पडली का म्हणून घाबरत विचारेल. तेव्हा तिला सांगा की तिचा त्या दिवशीचा रस्सा फार चांगला झाला होता. हे तिच्या बापाला ठाऊक आहे, तिच्या आईला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. तिला मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.