धुतलेला डबा

सुशीलाबाईंना माणसं चेहऱ्यावरून कळत नसत, डब्यावरून कळत. बिबवेवाडीतल्या त्यांच्या स्वयंपाकघरातून रोज चाळीस डबे निघत आणि आसपास खोल्या घेऊन राहणारी आयटीतली पोरं ते चाटूनपुसून परत पाठवत. कारलं परत आलं, तर पोरगा नवा. पोळ्या परत आल्या, तर प्रेमात पडलाय. सगळंच परत आलं, तर नोकरी गेली असणार, जाऊन चौकशी करावी. डबा धुऊन पाठवण्याचा सज्जनपणा मात्र दहा वर्षांत एकानंही केला नव्हता.

म्हणून त्या गुरुवारी भाचीचा डबा चौथ्या दिवशीही धुतलेला आला, तेव्हा सुशीलाबाईंच्या हातातली पळी थांबली. अक्षता त्यांच्या भावाची, सीतारामची मुलगी. अकरावीसाठी वर्ध्याहून आत्याकडे आलेली, वय सोळा. कॉलेज झालं की डबा घेऊन थेट कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. पोरगी गुणाची खरी, पण स्वतःचं ताटही कधी न विसळणारी. ती डबा धुते म्हणजे काहीतरी पुसून काढते आहे, एवढं सुशीलाबाईंनी ताडलं.

ओरडायचं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांनी मटाराच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढे ओढलं आणि अक्षताला शेजारी बसवलं.

"डब्यातलं कुत्र्याला घालतेस की गाईला?"

अक्षतानं मान खाली घालून एक शेंग उचलली.

"रागावणार नाही गं. जेवतेस कुठे, तेवढं सांग."

पंधरावीस शेंगा सोलून झाल्या आणि अक्षताला रडू फुटलं. अभय सर तिला क्लासनंतर थांबवत. बर्गर, पिझ्झा मागवत. इतर मुली पोरकट आहेत, तू वेगळी आहेस, म्हणत. महिन्यापूर्वी त्यांनी मोबाइल दिला होता, घरी न सांगायच्या अटीवर. ज्या काळात अख्ख्या गल्लीत चार मोबाइल होते, त्या काळात हा पाचवा तिच्या दप्तराच्या तळाशी, मोज्यात गुंडाळलेला निघाला.

सुशीलाबाईंनी चष्मा लावून एकेक मेसेज वाचला. आत्या जुन्या वळणाची आहे, तिला काय कळतंय. हे आपलं दोघांचं गुपित. मैत्रिणींना सांगू नकोस, जळतील. आणि शेवटचा: रविवारी खडकवासल्याला एकटीच ये, घरी क्लासची सहल सांग.

"मी नाही म्हटलं आत्या, तर ते म्हणाले, घरी कळलं की तुझे बाबा तुला परत नेतील. शिक्षण बंद, लग्न. चूक तुझीच धरतील."

सुशीलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. कारण या माणसाचा डबा त्या फुकट पाठवत होत्या. शिकवणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांच्या घरचा रिवाज. बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसवून त्याला खीर वाढली होती. "मावशी, डबा अक्षताबरोबरच पाठवत जा," असं तो म्हणाला, तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं! चोराच्या हाती किल्ली त्यांनीच दिली होती. वाईट वाटलं, फार वाटलं, पण रडत बसायला रविवार काही थांबणार नव्हता.

"मी सगळे मेसेज पुसते आणि मोबाइल परत देते," अक्षता म्हणाली.

"एक अक्षर पुसायचं नाही. डबा धुतलास तेवढं पुरे. आणि नीट ऐक, यात तुझी चूक तिळाएवढीही नाही."

समोरच्या बूथवरून त्यांनी वर्ध्याला फोन लावला. सीताराम ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मी येतो तिले न्यायले. लोकं काय म्हणतीन?" सुशीलाबाईंनी दात आवळून रिसीव्हर ठेवला. तो नालायक अभय सर बरोबर हेच होईल म्हणाला होता, याचा त्यांना सर्वांत जास्त राग आला.

शुक्रवारी त्या अक्षताला घेऊन पोलीस चौकीवर गेल्या. हवालदार रतनताई त्यांच्याच डब्याच्या गिऱ्हाईक. त्यांनी मोबाइल जप्त केला, साहेबांनी तक्रार लिहून घेतली. "पोरीला धरणावर पाठवायची काही गरज नाही," रतनताई म्हणाल्या. "हे पुरेसं आहे. उद्या क्लासवर मीच जाते."

"मी पण येते. डबा द्यायचाय," सुशीलाबाई म्हणाल्या.

शनिवारी वर्ग भरलेला होता. सुशीलाबाईंना दारात बघून अभय सर हसले. "मावशी, आज तुम्ही? अक्षता कुठाय?"

"जिन्यात उभी आहे, पोलिसांबरोबर. घेऊ बोलावून?"

हसू मावळलं, पण माणूस मुरलेला. रतनताई आत येताच तो मुलांकडे वळून म्हणाला, "गैरसमज झालाय. अक्षता हुशार आहे, पण जरा मनानंच काही रचते."

मागून अक्षता आत आली. ती थेट टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "रचलेलं नाहीये. सरांनी मला मोबाइल दिला आणि कुणाला सांगू नकोस म्हणाले. अजून कुणाला दिलाय?"

मग दुसऱ्या बाकावरची दीपमाला उठली, गेला महिनाभर अक्षताशी न बोलणारी. तिनं दप्तरातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "मलाही म्हणाले होते, तू वेगळी आहेस." खिडकीजवळच्या शर्मिलानं तिसरा ठेवला. जप्त झालेल्या पहिल्यासकट तिन्ही एकाच बनावटीचे. अभय सर दाराकडे सरकले, तर तिथे सुशीलाबाई उभ्या. त्यांच्यासारख्या भरभक्कम अंगापिंडाच्या बाईला ओलांडून जाणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

चौकीवर संध्याकाळी खरी अडचण झाली. दीपमालाचे आणि शर्मिलाचे वडील आले, पण जबाब द्यायचं म्हणताच दोघंही कुजबुजायला लागले. बोभाटा होईल. मुलींची नावं खराब होतील. मिटवून टाकू.

तेवढ्यात सीताराम दारात उभा राहिला. एसटीनं दिवसभर प्रवास करून आलेला, शेजाऱ्यांना विचारत चौकी गाठलेला, हातात अक्षताचं सामान भरायला आणलेली रिकामी बॅग. अक्षता बाकावर आक्रसून बसली. तो तिच्याजवळ गेला आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"त्यानं तुले माह्या नावाचा धाक घातला?"

अक्षतानं मान हलवली.

सीताराम त्या दोन बापांकडे वळला. "मी पण लाजूनच आलो होतो, भाऊ. पोरीले घेऊन पळाचं म्हणून. आपण लाजतो हे त्याले ठावं हाय, त्याच्यावरच तो जगते." मग टेबलासमोरची खुर्ची ओढून बसला. "लिहा साहेब. मी अक्षताचा बाप."

दोघांपैकी एकानं घसा खाकरला आणि आपली खुर्ची पुढे ओढली. मग दुसऱ्यानंही.